दीड फूट उभं पाणी

"गल्लीत कुणी पायाळू असला तर बघा हो रावसाहेब," बन्सी म्हणाला, "कंबरेत एक लाथ घालून घेतो. त्याशिवाय ही उसण काही निघायची नाही." तो दुकानाच्या मधोमध काटकोनात वाकून उभा होता. एक हात कंबरेवर, दुसरा तसबिरींच्या गठ्ठ्यावर. गोरक्षनं ते ऐकलं आणि बुटातल्या बुटात त्याच्या पायांची बोटं आखडली. अकरा वर्षं झाली नगरात येऊन. भिंगार कॅम्पातल्या कचेरीत टेबल मिळालं, दीड खोलीचं बिऱ्हाड झालं, लग्न झालं, आणि या अकरा वर्षांत तो शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. शहरात माणूस डोक्याकडून जन्मला की पायाकडून, याची चौकशी कोण करतो? त्या भरवशावर तर तो इथं राहिला होता. उन्हाळ्यातसुद्धा घरात मोजे घालणारा नवरा म्हणून रतन, त्याची बायको, सुरुवातीला हसायची. मग कधीतरी त्यानं तिला सगळं सांगितलं आणि शपथ घातली. त्या दिवसापासून ती मोजे धुवायची आणि हसायची नाही.

बन्सीचं काम तसबिरींना काच आणि चौकटी बसवायचं. कॅम्पातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांना मासे पाळायची हौस, म्हणून तो लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून, पुटी भरून माशांच्या टाक्याही करू लागला होता. आत्ता दुकानात दोन होत्या. एक आडवी, ठेंगणी, दाराशीच. दुसरी उभी, दीड फूट उंचीची, मागच्या अंधारात दोन खोक्यांवर. कुण्या डॉक्टरनं सांगून ठेवली होती आणि न्यायला आलाच नव्हता. "ही आडवी न्या ना," बन्सी म्हणाला, "आत्ता हातगाडीवर टाकून देतो. मासा तो मासा. त्याला आडवं काय न् उभं काय?" गोरक्ष म्हणाला, "उभीच पाहिजे." बन्सीनं मान वर करायचा प्रयत्न केला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा जमिनीकडे बघत राहिला. "ती उचलायला मीच लागतो. कोपऱ्यातली पुटी अजून कच्ची आहे, परक्याचा हात लागला की काच तडकलीच म्हणून समजा. आणि माझी ही तऱ्हा. आठवडाभरानं या."

आठवडा नव्हता. दोन दिवससुद्धा होते की नाही कोण जाणे. त्याच्या कचेरीतल्या साहेबांची एकाहत्तरच्या लढाईनंतर बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी आपली एंजल माशांची जोडी त्याच्या हवाली केली होती. ठेवायला जुन्या बॅटरीची एक जाड काचेची बरणी आणि सोबत चार वाक्यं. पाणी शिळंच घालायचं, ताजं नाही. आत दगडी पाटी तिरकी टेकवून ठेवायची, अंडी त्यावर घालतात. टाकी उंच हवी, कारण या माशाचं अंगच उभं, पाठीवरचे नि पोटाखालचे पोहायचे पर वीतभर पसरायला जागा लागते. ते मुडपले की हा मासा नावापुरता जगतो. आणि अंड्यांवर असताना त्यांना दचकवायचं नाही, दचकले की आईबापच अंडी खातात. तसंच झालं होतं, दोनदा. पहिल्या वेळी खालून लग्नाची वरात गेली. दुसऱ्या वेळी त्याच्या स्वतःच्या हातून तांब्या पडला. पाटीवर दीडदोनशे अंडी होती, पिवळसर, राजगिऱ्याएवढी. नरानं एक उचललं, मादीनं एक उचललं, आणि दोघं शांतपणे, घाई न करता, पाटी साफ होईपर्यंत खात राहिले. गोरक्ष जागचा हलला नव्हता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आणि आज सकाळी मादीच्या पोटाखाली पुन्हा अंडी घालायची ती बारीक नळी दिसायला लागली होती. दोघं बरणीत एकमेकांना घासून फिरत होते, पर मुडपून. ही तिसरी खेप. या खेपेला तरी पिल्लं जगली पाहिजेत असं त्यानं मनाशी इतकं घट्ट धरलं होतं, की का धरलंय हे विचारायची त्याला भीती वाटत होती.

तो टाकीपाशी गेला. रिकामी होती, तरी तिच्यातलं पाणी त्याला दिसत होतं. बाजूनं दिसणारं पाणी. गावाकडे पाणी वरून बघायचं, आडाच्या काठावर ओणवं होऊन, खाली काळं काही हलतंय का तेवढं. ते आहे की नाही, किती आहे, याचा भरवसा कुणालाच नसतो. इथं दीड फूट पाणी तळापासून काठापर्यंत डोळ्यांसमोर उभं राहणार होतं. कुणी विचारलं तर बोट ठेवून सांगता आलं असतं, हे बघा, इथून इथपर्यंत आहे. दादांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, सहादेव पाणाड्यांचा आवाज त्याच्या कानाशी आला. "काय लागतंय रं पायाला?" मिरजगावच्या पलीकडची ती पांढरीफटक रानं. दादा पुढं, हातात गुलेरीच्या आकाराची फांदी. मागं नऊ वर्षांचा तो, अनवाणी, कारण पायाळू पोराच्या तळव्याला भुईतलं पाणी कळतं आणि मध्ये वहाण आली तर कळत नाही. सकाळपासून चार रानं झालेली. तळव्यांना फोड. पाचवं रान छबूबाईचं. छबूबाई, श्रीमंत नावाचा तिचा नवरा आणि वीसेक माणसं मागं-मागं चालताहेत. रानात एक बाभूळ, तिच्याखाली चटईएवढी सावली. तो तिथं गेला आणि थांबला. "काय लागतंय रं पायाला?" "गार," तो म्हणाला. खोटं नव्हतं. गार लागतच होतं. सावलीतली माती ती, गार लागायचीच. पण दादांनी तिथं कुदळीनं रेघ मारली, नारळ फुटला, आणि तो काही बोलला नाही. बाभळीचा काटा पायात मोडला होता. छबूबाईनं त्याचा पाय मांडीवर घेऊन तो काढला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात घातला.

सात परस विहीर खणली त्यांनी. एक परस म्हणजे उभा पुरुष, हात वर करून. एकावर एक सात पुरुष उभे राहिले तरी ओल नाही. मग श्रीमंत वारला. पण दरसाल आखितीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, छबूबाई स्वतः दोराला धरून खाली उतरायची आणि हातभर खणून वर यायची. गोरक्ष बोर्डिंगातून सुट्टीला गेला की दादा अभिमानानं सांगायचे, छबूनं यंदाबी हातभर खनली. म्हनती, पोराच्या पायानं खोटं सांगितलं न्हाई, माझंच हात थिटं पडल्यात. तो ताटावरून उठायचा. दादा गेले त्यालाही तीन वर्षं झाली. दिवसकार्याला गेला तेव्हा तो गावाच्या त्या अंगाला फिरकला नव्हता.

"काय, आठवडाभरानं ना मग?" बन्सीनं विचारलं. गोरक्षनं बुटाची नाडी सोडली. आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे तो त्यांच्याकडे बघत होता. मोजा काढला. लादीचा थंडपणा तळव्याला लागला. "पालथे व्हा, बन्सीभाऊ," तो म्हणाला, "पण कुठं बोलायचं नाही." बन्सीला कळायला दोन क्षण लागले. मग तो काही न विचारता पोत्यावर पालथा झाला. गोरक्षनं त्याच्या कंबरेला तीनदा पाय लावला, लहानपणी लावायचा तसा, टाच न टेकता. बन्सी उठला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि त्याच्याकडे असं बघायला लागला, की गोरक्षला घाईघाईनं मोजा चढवावा लागला. उसण अशीही निघते, तशीही निघते. पडून राहिलं की निघते, पोत्यावर पालथं पडलं तरी निघत असेल. पण टाकी हातगाडीवर चढली.

"किती पाणी लागेल हिला?" रतननं एवढंच विचारलं. "सहा हंडे." ती टाकीकडे बघत राहिली. त्या सालच्या दुष्काळानं नगराचेही नळ सुकवले होते. दिवसाआड अर्धा तास, करंगळीएवढी धार. ओट्यावर हंड्यांची रांग लागायची आणि रोज कुणा ना कुणाच्या झिंज्या धरण्यापर्यंत वेळ यायची. रतननं तरी पिंप उघडलं. चार दिवसांचं साठवलेलं, शिळं पाणी. "एरवी शिळं पाणी फेकून पिंप घासायचं असतं, हे आईनं शिकवलं," ती म्हणाली, "तुमच्या माशांमुळे तेही पुण्याईत जमा झालं." बोलण्यात चेष्टा होती, पण सहावा हंडा ओतताना तिनं खिडकी लावून घेतली, शेजारणींना दिसू नये म्हणून. टाकी कुठं ठेवायची हा घोळ झाला. खिडकीशी ऊन, चुलीशी धूर. शेवटी दारातून आत आल्यावर डाव्या हाताच्या भिंतीशी लोखंडी पेटीवर बसली. जागा बरी नव्हती, येणाराजाणारा तिच्या अंगावरूनच जाणार. पण दीड खोलीत दुसरी होती कुठं? रविवारी दुपारी त्यानं मासे सोडले. ते क्षणभर तळाशी गेले, मग वर आले, आणि त्यांनी पर उघडले. वरचे वर, खालचे खाली, पूर्ण. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रतनला दिसू नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी पाटीवर अंडी होती. नर आणि मादी आळीपाळीनं समोर उभी राहून परांनी वारा घालत होती. अडीच दिवस, म्हणजे बुधवारची संध्याकाळ. गोरक्षनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. आणि सोमवारीच, तो कचेरीतून येतो तर ओट्यावर दोन माणसं. एक हमाल, एक शिंपी. "बन्सी काचवाल्यानं सांगितलं..." पोटातली गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे बन्सीच्या जिवावर आलं असणार. गोरक्षनं त्यांना ओट्यावरच पालथं घातलं आणि पाय लावून घालवलं, दोघांनाही हळू चाला म्हणून सांगितलं. मंगळवारी सतरा आले. म्हातारे, बाया, कॅम्पातला एक सुभेदार, पाळण्यातलं रडकं पोर घेऊन एक आई. ओट्यावर खोकणं, पान थुंकणं, सायकलींच्या घंटा. दाराच्या फळ्या हादरल्या की आत टाकीतलं पाणी वरच्या वर थरथरायचं आणि नर पाटीपासून दोन बोटं मागं सरकायचा. ते दोन बोटांचं अंतर गोरक्षच्या छातीत मोजलं जात होतं. रात्री त्यानं पाय धुतले, घासले, पुसले. सतरा माणसांच्या पाठी तळव्याला चिकटून राहिल्यासारख्या वाटत होत्या. "सांगून टाका ना, माझ्या पायात काही नाही म्हणून," रतन म्हणाली. "कुणाला सांगू?" तो म्हणाला. सांगायचं होतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस या सतरांत नव्हतं.

बुधवारी त्यानं रजा टाकली आणि दाराला आतून कडी लावली. येणाऱ्यांना रतन फटीतून सांगायची, आज नाही, बरं नाही त्यांना. तो टाकीसमोर जमिनीवर बसून होता, अनवाणी, कारण मोजे सगळे धुवायला पडले होते. दुपारी अंड्यांत काळे ठिपके दिसले. चारला पाहिलं तर शेपट्या, केसाएवढ्या, आतल्या आत वळवळणाऱ्या. काही फुटलीच होती. तासाभराचा प्रश्न. रस्त्यावरून टांगा गेला की तो श्वास धरायचा, जणू त्याच्या श्वासानं टांगा थांबणार होता. दोनदा वाचलं नाही. तिसऱ्यांदा वाचलं तर, असं काहीतरी तो मनात म्हणायचा आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडायचा. पाचच्या सुमाराला कडी वाजली. रतननं फट उघडली. बाहेरून आवाज आला, "पायाळू हितंच ऱ्हात्यात का गं बाई? शिविल दवाखान्यातनं आलेय. तितल्या येका बाईनं सांगितलं." रतन नाही म्हणायला तोंड उघडणार, तोवर त्या बाईचा तोल गेला आणि ती दाराला धरून आतच आली. एवढी वाकलेली, की तिला समोरचं काही दिसत नव्हतं. खालचं तेवढं दिसत होतं. गोरक्ष उठून उभा राहिला होता. ती त्याच्या पायांकडे, अंगठ्याजवळच्या काट्याच्या जुन्या खुणेकडे, बघत थांबली.

"ह्ये पाय वळखीचं हायेत," ती म्हणाली. मग सावकाश, "ह्यो काटा म्याच काढलाय. सहादेवाचा गोरक्ष व्हय रं तू?" "होय, छबूआत्या." रतननं त्याच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. परके ओट्यावर बसवता येत होते. गावचं माणूस, तेही हे, उंबऱ्याबाहेर बसा म्हणून कसं सांगायचं? आणि तो सांगणार तरी होता का? एक शब्द पुरला असता, आत्या, जरा बाहेर टेका, हवा आहे. तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता, अगदी टोकापर्यंत. "बसा, आत्या," तो म्हणाला. तिनं बसायला आधार शोधला आणि हाताला लागली ती लोखंडी पेटी. पेटी खडखडली. टाकीतलं पाणी एका बाजूला कललं, परत आलं. तिची वाकलेली सावली काचेवर पडली. नर पाटीपासून सरकला. दोन बोटं नाही, पार कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून फिरून आला आणि त्यानं पहिलं अंडं उचललं.

"खडी फोडतेय दुस्काळी कामावर," छबूबाई सांगत होती, "आटवडा झाला, कंबर आशी धरलीया की उबं ऱ्हाता येत न्हाई. यंदा आखितीला हिरीत उतरायचं कसं ह्येचा घोर हाय बघ." बोलता बोलता तिची नजर टाकीशी आली. बसल्यावर टाकी बरोबर तिच्या तोंडासमोर होती. ती बघत राहिली. "आजवर पानी म्या वरनंच बघितलं," ती म्हणाली, "कडंनं आसं दिसतं व्हय." मादीही आता पाटीपाशी आली होती. गोरक्ष दोघांना बघत होता. एक, एक, एक, शेपट्यांसकट. हात घालून पाटी उचलता आली असती, रतनला हाक मारता आली असती. त्यानं काहीच केलं नाही. त्याला वाटलं, आता नाही बोललो तर जन्मात बोलणार नाही.

"आत्या, पायाला काही कळलं नव्हतं," तो म्हणाला. "पाय भाजत होते. सावली होती म्हणून थांबलो."

छबूबाईनं काचेवरची नजर काढली नाही. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. काटा काढताना तळवा बघितला न्हवं तुजा? निस्ते फोड. म्या मनात म्हनलं, पोरगं सावली बगून उबं राह्यलंय."

"मग खणलं कशाला? सात परस?"

ती विचार करत होती. खरंच विचार करत होती, वेळ घेऊन. "आमच्या मालकाला तीन सालं जागाच ठरत न्हवती. यो म्हने हितं, त्यो म्हने तितं. तू थांबलास न् जागा ठरली. कुटंतरी सुरू करावं लागतंय, बाबा. आन् भुईतच न्हाई त्ये तुज्या पायात कुटनं येनार?" गोरक्षला छातीतलं काही सैल झाल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात ती पुढं बोलली. "पर तू येकदा यायला पायजे हुतंस. सहादेवाच्या दहाव्याला आल्तास, म्या हिरीच्या काठावर बसून हुते दीसभर. म्हनलं येईल. तुज्या नावानं खनली आमी ती. तू वरनं डोकावलासुदिक न्हाईस."

तो उभा होता. त्याला रडू येत होतं आणि ते येऊ देण्याचाही आपल्याला हक्क नाही असं वाटत होतं. दाराशी रतन पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. टाकीत मासे शांत झाले होते. पाटी काळी, स्वच्छ, दुकानातून आणली तशी. दोघं तिच्यासमोर पर उघडून उभे होते आणि रिकाम्या पाटीला वारा घालत होते.

"लाव आता पाय," छबूबाई म्हणाली. "लई वेळ आसं बसवत न्हाई मला."

"आत्या, माझ्या पायात..."

"त्ये झालं की सांगून. लाव."

ती हातांवर ओणवी झाली. तिच्या पाठीवर लुगडं घामानं भिजून चिकटलं होतं, सिव्हिलपासून ती तशी वाकलेली, उन्हातून चालत आली होती. गोरक्षनं भिंतीला हात टेकला. पाय उचलला. सोमवारपासून अठरा-वीस पाठींना लावला होता तो, टाच न टेकता. आता त्यानं तो टेकवला, टाचेसकट, सगळा तळवा. खाली मणक्याची हाडं एकेक लागली, खडीसारखी. त्यांच्यावरून तिचा श्वास वर-खाली होत होता. तो तसाच थांबला. पाय काढावासा वाटेना.

"काय लागतंय रं पायाला?" खालून तिनं विचारलं.

भिजलेल्या लुगड्याचा ओलावा तळव्याला लागत होता.

"गार," तो म्हणाला. "गार लागतंय, आत्या."